चारिकेची वाट : तारापूर ते सोपारा

पालि वाङ्मयात 'चारिका' हा शब्द वारंवार भेटतो. भगवान अमुक जनपदात चारिका करीत करीत अमुक नगरी पोचले, अशा आशयाच्या वाक्याने कितीतरी सुत्तांचा आरंभ होतो. वाचक ते वाक्य ओलांडून पुढील उपदेशाकडे वळतो, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु त्या एका वाक्यात रोजचे चालणे, रात्रीचा मुक्काम, पिण्याचे पाणी, वाटेतली नदी आणि सोललेले तळपाय हे सारे सामावलेले असते. सुत्तपिटकाने ज्याचा विस्तार केला नाही, त्याचा तपशील विनयपिटकाने आणि अट्ठकथांनी जपून ठेवला आहे. दूरच्या वाटेला निघणाऱ्याने काय जाणावे, काय बरोबर घ्यावे, कोणास विचारावे, याविषयी तेथे जे सांगितले आहे, त्याचा आजच्या एका प्रत्यक्ष वाटेच्या संदर्भात विचार करावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

निमित्तही तसेच आहे. २०२३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत थायलंडच्या भिक्खूंसह परभणीहून दादरच्या चैत्यभूमीपर्यंत धम्म पदयात्रा झाली. तेव्हापासून लहानमोठी उपासक मंडळे आपापल्या भागात पदयात्रेचा विचार करू लागली आहेत. पालघर, बोईसर व तारापूर या परिसरातील उपासक-उपासिका आम्हांस विचारतात की, सोपाऱ्याच्या स्तूपापर्यंत पायी जावयाचे तर वाट कोणती धरावी? प्रश्न वरकरणी सोपा आहे. रेल्वेच्या हिशेबाने बोईसर ते नालासोपारा हे अंतर अवघे ४५-४६ किलोमीटर भरते. पण रूळ ही माणसाची वाट नव्हे. राहिला अहमदाबादचा महामार्ग. ध्वनिक्षेपक लावलेला टेम्पो पुढे, रांग मागे, आणि बाजूने भरधाव जाणारे कंटेनर, असे बहुतेक पदयात्रांचे चित्र असते. त्यात जिवाला धोका आहे हे उघड आहे. त्याहून मोठी हानी अशी की, अशा चालण्यात वाटेवरचा माणूस भेटतच नाही. आणि चारिकेचे प्रयोजन तर नेमके तेच होते.

हे प्रयोजन ज्या शिळेवर कोरलेले आहे, ती शिळा सोपाऱ्यातच सापडावी हा योग विलक्षण म्हणावा लागेल. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी 'बुरूड राजाचा कोट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकाडाचे उत्खनन करून सोपाऱ्याचा विटांचा स्तूप उजेडात आणला. त्याच वर्षी भाटेला तळ्याजवळ सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुटका अंश त्यांना मिळाला. पुढे १९५६ साली भुईगाव येथे नवव्या लेखाचा अंश सापडला. आठव्या लेखाचा पूर्ण पाठ गिरनार, कालसी आदी ठिकाणी उपलब्ध असल्याने सोपाऱ्याच्या तुकड्याचा आशय निश्चित करता येतो. हा लेख यात्रेविषयीच आहे. पूर्वीचे राजे 'विहारयात्रे'ला जात, तीत मृगया आणि तत्सम करमणूक असे. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर अशोक संबोधीच्या स्थानी गेला आणि तेथपासून 'धम्मयात्रा' सुरू झाली. (येथील 'विहार' म्हणजे मौजेखातर हिंडणे, आपल्या विहाराशी त्याचा संबंध नाही. सभेत हा लेख वाचून दाखविताना तो खुलासा करावा, नाहीतर श्रोते गोंधळतात.) धम्मयात्रेत काय करावयाचे याची यादीही लेखात आहे. श्रमण-ब्राह्मणांची भेट व त्यांना दान, वृद्धांची भेट व त्यांना साहाय्य, आणि जनपदातील लोकांची भेट, त्यांच्याशी धम्माविषयी बोलणे, त्यांना प्रश्न विचारू देणे.

जनपदातील लोक म्हणजे नगराबाहेरचे, खेड्यापाड्यांतले लोक. सम्राटाने त्यांच्या 'दर्शना'ला जावे, असा शब्दप्रयोग लेखात आहे. त्यांनी सम्राटाच्या दर्शनाला यावे, असा नाही. आमच्या मते वाट आखण्याचे पहिले सूत्र यातूनच निघते. दोन विहारांना जोडणारी सर्वांत जवळची रेषा म्हणजे पदयात्रेची वाट नव्हे. जिच्यावर माणसे राहतात आणि जिच्यावर त्यांच्याशी बोलण्याइतका वेळ मिळतो, ती वाट होय.

वेळ किती लागावा याचेही उत्तर परंपरेत आहे. दीघनिकायाच्या 'सुमंगलविलासिनी' या अट्ठकथेत आचार्य बुद्धघोषांनी चारिकेचे दोन प्रकार सांगितले आहेत, त्वरित आणि अत्वरित. एखाद्या विशिष्ट व्यक्तीला बोध व्हावा म्हणून दूरवर झपाट्याने जाणे ही त्वरित चारिका. महाकस्सप, अंगुलिमाल यांच्यासाठी भगवान गेले ती या प्रकारची. गावे व निगम क्रमाने घेत, रोज एक किंवा अर्धे योजन चालत, भिक्षाटनाच्या निमित्ताने लोकांवर अनुग्रह करीत जाणे ही अत्वरित चारिका. योजनाच्या मापाविषयी विद्वानांत एकमत नाही. व्यवहारासाठी ते १२ किलोमीटरांच्या आसपास धरण्यास हरकत नसावी. पुढे सांगितलेली तारापूर ते सोपारा ही वाट वळणावळणांसह साठ-पासष्ट किलोमीटर, म्हणजे पाच-साडेपाच योजने धरून चालावी. तरुण मंडळी ती दोन दिवसांत संपवू शकतील. तशी घाई करावयाची असल्यास बोईसरहून गाडीने जाणे अधिक सोयीचे. अत्वरित चारिकेच्या गतीने तिला सहा दिवस लागतात, आणि आमची शिफारस सहा दिवसांचीच आहे.

या संदर्भात सोपाऱ्याच्या बाहिय दारुचीरियाची आठवण होणे अपरिहार्य आहे. उदानातील कथेनुसार तो सुप्पारकात, म्हणजे सोपाऱ्यात, समुद्रतीरी राहत होता आणि तथागतांविषयी कळताच श्रावस्तीला निघाला. अट्ठकथा हे अंतर १२० योजने सांगते. मूळ पाठात त्याच्या प्रवासाचे वर्णन करणारा जो समास आहे, त्याचा अर्थ 'एका रात्रीत' असा परंपरेने केला आणि त्यातून चमत्काराची कथा उभी राहिली. 'प्रत्येक ठिकाणी एकच रात्र मुक्काम करीत' असाही अर्थ होऊ शकतो, आणि आम्हांस तोच सयुक्तिक वाटतो. रोज एक योजन धरले तर १२० योजनांना चार महिने पुरतात. पावसाळ्याबाहेरच्या आठ महिन्यांत ते सहज बसते. माणसाने पायी केलेले चौदाशे किलोमीटर हे चमत्काराहून थोडे नाही. बाहियाचा अंत वासराजवळच्या गाईने हुंदडल्यामुळे झाला, हे मात्र कोणीही नाकारीत नाही. गुरांच्या वाटेने चालणाऱ्याला हा धोका आजही आहे. व्यालेल्या गाईला वळसा घालावा.

आता प्रत्यक्ष भूप्रदेशाकडे वळू. सोपाऱ्याहून उत्तरेस भडोचकडे जाणारा किनारी मार्ग प्राचीन काळी वापरात होता, याचा आधार नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात आहे. क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने आपल्या दानांची नोंद तेथे कोरविली आहे. तिच्यात भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शोर्पारग या चार ठिकाणी त्याने प्रवाशांसाठी चौसोपी निवासगृहे बांधल्याचा उल्लेख आहे. शोर्पारग म्हणजे सोपारा. पुढे इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर नावांनी विनामूल्य उतार ठेवल्याचे आणि त्यांच्या दोन्ही तीरांवर विश्रांतीची सभा व पाणपोई केल्याचे तो सांगतो. पारादा ही पार नदी, दमण ही दमणगंगा, आणि दाहनुका ही आपल्या डहाणूची नदी. या लेखात ब्राह्मणांना दिलेल्या दानांची यादी मोठी आहे, पण लेणे दिले आहे ते चारही दिशांच्या भिक्खुसंघाला, हेही नोंदविले पाहिजे. या उताराला लेखात 'तर' हा शब्द आहे. कोकणात खाडी ओलांडण्याच्या होडीला जुनी माणसे अद्याप 'तर' म्हणतात. सुमारे एकोणीसशे वर्षे हा शब्द याच पाण्यावर वावरतो आहे.

या वाटेने माणसे चालत होती, याचे पुरावे दुसरीकडेही मिळतात. कार्ले येथील चैत्यगृहात सोपाऱ्याहून आलेल्या, धम्मुत्तरीय निकायाच्या एका भाणकाने स्तंभ दान केला आहे. कण्हेरीच्या लेखांतही सोपाऱ्याच्या दात्यांची नोंद आहे. उषवदाताच्या यादीवरून एक व्यावहारिक धडा घ्यावासा वाटतो. किनाऱ्याच्या प्रवासात अंतराला फारसे महत्त्व नसते. नद्या आणि खाड्या कोठे ओलांडता येतात, त्यावरून वाट ठरते. बाकीचे चालणे मग त्या उतारांना जोडून घ्यावे लागते. म्हणून नकाशा पुढ्यात घेतल्यावर प्रथम पाणी पाहावे.

तारापूर ते सोपारा या टप्प्यात खाड्या पुष्कळ आहेत. तारापूरहून सरळ किनाऱ्याने दक्षिणेस निघावे असा मोह होतो, पण तो आवरावा. तारापूरच्या दक्षिणेस अणुविद्युत केंद्र आहे. १९६९ साली वीजनिर्मिती सुरू झालेले हे देशातील पहिले केंद्र असून त्याभोवतीचे क्षेत्र प्रतिबंधित आहे. तिसऱ्या व चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांचे पुनर्वसन करण्यात आले. जुन्या नकाशावर ही गावे समुद्रकाठी दिसतात, तेथे आज पूर्वीची वस्ती नाही. त्यापुढे सातपाटी आणि मुरबे यांच्यामध्ये पुन्हा खाडी आडवी येते. म्हणून पहिल्या दिवशी तारापूरहून आत बोईसरला यावे. दुसऱ्या दिवशी उमरोळीवरून पालघर. हे दोन दिवस वाट रुक्ष आहे, रहदारी आहे, आणि तिच्याविषयी अधिक सांगण्यासारखे नाही. चालणे पहाटे उरकून घ्यावे हे बरे.

मात्र याच दोन दिवसांत पाण्याचा प्रश्न सर्वांत कठीण असतो. चुल्लवग्गात 'परिस्सावन', म्हणजे पाणी गाळण्याचे वस्त्र, याविषयी एक कथा आहे. कोसल देशात दोन भिक्खू दूरच्या वाटेने चालले होते. एकाचे वर्तन अयोग्य होते म्हणून दुसऱ्याने त्यास समज दिली, त्याचा त्याला राग आला. पुढे समज देणाऱ्याला तहान लागली. त्याच्याजवळ गाळणे नव्हते, त्याने सोबत्याकडे मागितले, सोबत्याने दिले नाही, आणि तहानेने त्याचा मृत्यू झाला. तेव्हा नियम झाला की प्रवासात गाळणे मागितल्यास नाही म्हणू नये, आणि गाळण्याशिवाय दूरच्या वाटेस लागू नये. नसेलच तर संघाटीच्या पदराने गाळून पिण्याचा निश्चय करून निघावे. या गाळण्याचा उद्देश पाण्यातील सूक्ष्म जीव वाचविणे हा होता, त्यातून पिणाराही वाचत असे. बोईसरला मात्र ही तरतूद पुरी पडत नाही. तारापूर औद्योगिक क्षेत्रात रसायने, रंग व औषधे बनविणारे कारखाने आहेत. या क्षेत्रातील प्रदूषणाबाबत मांगेला समाजाच्या संघटनेने दाद मागितली आणि २०२२ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने कारखान्यांवर भरपाई बसविणारा आदेश दिला. वस्त्राने जीवजंतू अडतात, विरघळलेले रसायन अडत नाही. उकळल्यानेही ते जात नाही. म्हणून या परिसरातील ओढे, नाले व उघड्या विहिरी यांचे पाणी गाळूनही पिऊ नये. पहिल्या दोन दिवसांचे पाणी मुक्कामावरून भरून घ्यावे, किंवा मागे चालणाऱ्या वाहनात ठेवावे.

पाण्याविषयी आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. आपल्या समाजाच्या स्मरणात प्रवास आणि पाणी ही जोडी वेगळ्या अर्थाने कोरलेली आहे. १९०१ साली बाल भीमराव भावंडांसह वडिलांना भेटण्यासाठी कोरेगावला निघाले, मसूर स्थानकावर उतरून बैलगाडीने गेले, आणि जवळ अन्न असूनही पाणी न मिळाल्याने त्यांना रात्र उपाशी काढावी लागली. बाबासाहेबांनी स्वतः हे लिहून ठेवले आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडला निघालेला मोर्चा हाही पाण्यापर्यंत चालत गेलेला मोर्चा होता. ही आठवण असलेल्या समाजाची दोनशे माणसांची पदयात्रा जेव्हा एखाद्या पाड्यावर पोचते आणि तेथील एकुलत्या हातपंपाभोवती गर्दी करते, तेव्हा त्या पाड्याच्या संध्याकाळच्या पाण्याचे काय होते, हा प्रश्न आम्हांस अस्वस्थ करतो. किनाऱ्याजवळच्या अनेक विहिरींना खारे पाणी लागते आणि गोड्या पाण्याची विहीर एखादीच असते. तिच्यावर दोर टाकण्यापूर्वी विचारावे. हे विचारणे पूर्वतयारीचा भाग असावे. पंधरा दिवस आधी दोघा-तिघांनी जाऊन, पाड्यावरील वडीलधाऱ्यांना भेटून, किती माणसे येणार, किती वेळ थांबणार हे सांगावे आणि त्यांचे म्हणणे ऐकावे. पाणी पुरणार नाही असे ते म्हणाले तर वाट बदलावी.

असे विचारताना वाटेची माहितीही तेथेच मिळते, आणि ती नकाशापेक्षा खात्रीची असते. मज्झिमनिकायातील गणकमोग्गल्लान सुत्तात भगवान त्या ब्राह्मणाला विचारतात की, राजगृहाची वाट तुला माहीत आहे काय? मग वाट कशी सांगितली जाते याचा नमुना येतो. या रस्त्याने थोडे जा, अमुक गाव दिसेल; आणखी थोडे जा, अमुक निगम दिसेल; आणखी पुढे राजगृहाची रम्य उद्याने दिसतील. यात योजने नाहीत, कोस नाहीत. पुढे काय दिसेल एवढेच आहे. खेड्यातला माणूस आजही अशीच वाट सांगतो. मिठागर संपले की चिंच लागेल, चिंचेकडून डावीकडचा बांध धरा. त्याला किलोमीटर विचारले तर तो आपल्या समाधानासाठी काहीतरी आकडा सांगेल. पुढच्या पाड्यापर्यंत किती वेळ लागतो असे विचारावे, त्याचे उत्तर बरोबर येते. भ्रमणध्वनीवरील नकाशा जवळ असावा, परंतु खाजणातील वाट भरतीला पाण्याखाली जाते हे त्याला कळत नाही, आणि कुंपण पडलेल्या वाडीतूनही तो रेषा काढून मोकळा होतो. त्याच सुत्तात, एकाच माणसाने सांगितलेल्या वाटेने एक जण पोचतो आणि दुसरा भलतीकडे जातो, असेही म्हटले आहे. म्हणून वाट एकाने ऐकू नये, दोघांनी ऐकावी व एकाने लिहून घ्यावी.

पालघरनंतर चालण्याचे रूप पालटते. तिसऱ्या दिवशी माहीम व केळवे. पानवेलींच्या वाड्या, नारळ, आणि मग मोकळा किनारा. येथे तिथीचे ज्ञान उपयोगी पडते. महावग्गात अशी नोंद आहे की, आज पक्षाची कितवी तिथी असे लोकांनी विचारले असता भिक्खूंना सांगता आले नाही, लोकांनी नावे ठेवली, आणि भगवंतांनी पक्षगणना शिकण्याची अनुज्ञा दिली. किनाऱ्यावर हे ज्ञान थेट पावलांशी निगडित आहे. पौर्णिमा आणि अमावास्येला या किनाऱ्यावर पूर्ण भरती दुपारी व मध्यरात्री बाराच्या सुमारास असते. नंतर ती दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, आणि अष्टमीला सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास येते. अर्थात उपोसथाच्या पौर्णिमेस चालणाऱ्याला पहाटे ओहोटीची घट्ट, ओली वाळू मिळते. नऊनंतर किनारा आखडू लागतो. त्या दिवसांत उधाण असते, अष्टमीच्या सुमारास भांग असतो व पाणी फार चढत नाही. सातपाटी-माहीमच्या कोणाही मच्छीमाराला हे विचारावे. तो बोटांवर मोजून सांगेल.

चौथा दिवस केळव्याहून माकुणसारवरून सफाळ्याचा. आणि मग वैतरणा.

साऱ्या वाटेचा निकाल या नदीवर लागतो. उषवदाताच्या यादीत तिचे नाव नाही, पण तिचे मुख ओलांडल्याशिवाय किनाऱ्याने सोपाऱ्यास जाता येत नाही. सफाळे आणि वैतरणा या स्थानकांच्या दरम्यान रेल्वेचे ९२ व ९३ क्रमांकाचे पूल आहेत. मधल्या वाढीव बेटावरील ग्रामस्थ दुसरी सोय नसल्याने वर्षानुवर्षे या पुलांवरून चालत आले, आणि त्यांतल्या कित्येकांनी गाडीखाली वा खाडीत प्राण गमावले आहेत. तेथील लोक जातात म्हणून आपणही जावे, असा युक्तिवाद आम्ही ऐकला आहे. तो मान्य करता येत नाही. ते नाइलाजाने जातात आणि त्यांना गाड्यांच्या वेळा पाठ असतात. शंभर अनोळखी माणसांची रांग त्या पुलावर नेणे म्हणजे जाणूनबुजून मृत्यूला बोलावणे होय. दुसरा पर्याय सफाळ्याहून वरई फाट्याला जाऊन महामार्गाने खाली येण्याचा. त्याने खाडीचा प्रश्न सुटतो, परंतु वाहनांचा प्रश्न उभा राहतो, आणि रस्त्याने हा वळसा सुमारे साठ किलोमीटरांचा होतो.

तिसरा पर्याय २०२५ साली उपलब्ध झाला. सफाळ्याच्या दक्षिणेस जलसारजवळील खारवाडेश्री ते विरारजवळील नारिंगी-मारंबळपाडा अशी रो-रो बोटसेवा त्या वर्षी सुरू झाली. वाहनांसाठी केलेली ही सोय आहे, पण पायी उतारूही तीतून जातात. साठ किलोमीटरांचा वळसा दीड किलोमीटर पाण्यावर आला. उषवदाताचा उतार विनामूल्य होता, हिला तिकीट आहे, एवढा फरक सोडला तर तारापूरकडून येणाऱ्या पादचाऱ्याची अडचण तिने दूर केली असे म्हणावे लागेल. म्हणून पाचवा दिवस सफाळे, जलसार, खारवाडेश्री, उतार, मारंबळपाडा व विरार असा ठेवावा. बोटीच्या वेळा ऋतुमानाने बदलतात. निघण्याच्या आधल्या दिवशी धक्क्यावर प्रत्यक्ष चौकशी करावी, आणि मोठा समूह असल्यास आधी कळवावे. सहा दिवसांचा सारा आराखडा या एका उतारावरून मागे मोजीत यावा. आधी निघण्याची तारीख ठरवून नंतर बोटीची चौकशी करणे म्हणजे उलटा क्रम होय.

ऋतूविषयी विनयाचा निर्णय सर्वश्रुत आहे. पावसाळ्यात चालणारे भिक्खू हिरवे गवत तुडवितात, लहान जीव चिरडतात, पक्षीही या दिवसांत घरटे करून राहतात, अशी लोकांनी तक्रार केली आणि वर्षावासाचा नियम झाला. तक्रार शेतकरी समाजाची होती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पालघरच्या पट्ट्यात आषाढापासून भाताची आवणी, चिखल आणि फुगलेल्या खाड्या असतात. आश्विन पौर्णिमेला पवारणा होते तेव्हा भात कापणीला आलेले असते. कापणी उरकून खाचरे मोकळी झाल्यावर, म्हणजे कार्तिक पौर्णिमेनंतर, निघावे आणि माघ पौर्णिमेपूर्वी वाट संपवावी. तेव्हाही काही खाचरांत ओलीवर वाल पेरलेला असतो. रिकामे दिसले म्हणून शेत आडवे कापू नये, बांधाने जावे. फाल्गुनापासून उकाडा इतका वाढतो की वृद्धांना घेऊन चालणे योग्य नाही.

पायांविषयी थोडेसे. सोण कोळिविसाचे तळपाय चंक्रमण करताना रक्तबंबाळ झाले, तेव्हा भगवंतांनी एकपदरी वहाणेची अनुज्ञा दिली. पुढे अवंतीहून आलेल्या सोण कुटिकण्णाने महाकच्चानांचा निरोप सांगितला की, अवंती-दक्षिणापथात जमीन काळी, कठीण आणि गुरांच्या खुरांनी खडबडीत झालेली आहे. तेव्हा प्रत्यंत जनपदांत अनेकपदरी वहाणा व नित्य स्नान यांना मुभा मिळाली. नियम हा भूमी पाहून केला जातो, याचे याहून चांगले उदाहरण नाही. सोपारा या प्रत्यंत जनपदातच मोडतो. आमच्या उपासकांपैकी काहींना अनवाणी चालण्यात पुण्य वाटते. ज्या शास्त्याने दक्षिणापथाच्या जमिनीसाठी जाड तळव्याची मुभा दिली, त्याच्या स्तूपाकडे जाताना डांबरावर पाय भाजून घेण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. वहाण नवी नसावी, महिनाभर वापरलेली असावी.

अरण्यवासी भिक्खूंच्या कर्तव्यांत एक प्रसंग आहे. चोरांनी येऊन विचारले की पाणी आहे का, अग्नी आहे का, आज कोणते नक्षत्र, ही कोणती दिशा? भिक्खूंना काहीच सांगता येईना. हे कसले भिक्खू, म्हणून चोरांनी त्यांना मारले. त्यावरून पिण्याचे व वापरण्याचे पाणी, अग्नी, अरणी, काठी बाळगावी, नक्षत्रे शिकावीत व दिशा जाणाव्यात, असे ठरले. ही यादी आजही बदलण्याची गरज नाही. अरणीच्या जागी काडेपेटी व विजेरी घालावी इतकेच. यादीत नसलेली एक गोष्ट आम्ही जोडू. पदयात्रेत अर्ध्याहून अधिक उपासिका असतात, आणि वाट आखणारी समिती बहुधा पुरुषांची असते. शौचालय नसलेला मुक्काम हा मुक्काम नव्हे. बुद्धविहार, समाजमंदिर किंवा शाळा निवडताना प्रथम तेवढे पाहावे, आणि ते पाहण्यास एका उपासिकेने जावे.

सहाव्या दिवशीचे चालणे थोडे आहे, विरारहून सोपाऱ्यापर्यंत, आणि तेही भर वस्तीतून. येथे आगंतुकवत्त आठवावे. आरामात प्रवेश करताना भिक्खूने वहाणा काढून झटकाव्यात, छत्री मिटावी, डोके उघडे करावे, सावकाश आत जावे, आणि पिण्याचे पाणी कोणते व वापरण्याचे कोणते हे आधी विचारून घ्यावे, असे ते सांगते. स्तूपाच्या विटा उघड्या आहेत. त्यांवर चढून घोषणा देऊ नयेत, छायाचित्रासाठी तर नाहीच. भगवानलाल इंद्रजींना येथे मिळालेला करंडक, त्यातील आठ बुद्धमूर्ती व भिक्षापात्राचे तुकडे यांची माहिती तेथेच बसून कोणीतरी वाचून दाखवावी. आठवा शिलालेख मात्र सोपाऱ्यात पाहावयास मिळणार नाही. तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. ज्यांना पाहावयाचा असेल त्यांनी सातव्या दिवशी नालासोपाऱ्याहून गाडी धरून चर्चगेटला उतरावे, तेथून ते पंधरा-वीस मिनिटांच्या वाटेवर आहे.